चढाचा राजा, उताराच्या जखमा
सायकलपटू जिनो बार्ताली (१९१४–२०००) यांचे जीवन

तिवसा तालुक्याचा मुलूख वर्धा नदीच्या खोऱ्यातला, बहुतांशी सपाट. नागपूर–अमरावती महामार्ग येथून जातो. कापसाच्या आणि संत्र्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने धावतात आणि शाळेला निघालेल्या मुलामुलींच्या सायकलीही त्याच रस्त्याच्या कडेने चालतात. येथील माणसाला घाट पाहावयाचा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याची वाट धरावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील त्या गावाहून खाली येणाऱ्याला जुने चालक एकच गोष्ट सांगतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये तो उतरा. मोटारीला हे साधते, कारण तिचे इंजिनच तिला मागे ओढून धरते. सायकलला इंजिन नाही. उतारावर तिच्याजवळ असतात ते दोन ब्रेक, बोटभर रुंदीची दोन टायरे आणि स्वाराचे धैर्य.

व्यावसायिक सायकल शर्यतींत स्वार असे उतार ताशी ८० ते ९० किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक वेगाने उतरतात. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते, हे शाळेतील विज्ञान येथे जीवन-मरणाचा प्रश्न बनते. या खेळातील एका थोर पुरुषाचे जीवन आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. जिनो बार्ताली हे नाव जगाने चढासाठी लक्षात ठेवले. परंतु त्यांच्या जीवनातील मोठ्या जखमा पाहिल्या, तर त्यांतील कितीतरी उताराच्या वाटेवर झालेल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण दुसऱ्या कोणाच्या तरी बेसावधपणाचे होते. त्यांच्या चरित्राचा हा भाग फारसा सांगितला जात नाही. श्रद्धावंत वाचकाला मात्र त्यातच अधिक शिकण्यासारखे आहे.

पोंते आ एमाचा मुलगा

इटलीतील फ्लॉरेन्स शहराजवळ पोंते आ एमा नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १८ जुलै १९१४ रोजी जिनो यांचा जन्म झाला. वडील तोरेल्लो हे मोलमजुरी करणारे. घरची गरिबी होती, पण घर भाविक होते. शाळेत जाण्यासाठी घेतलेल्या जुन्या सायकलीने मुलाला वेड लावले. गावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला लागला. तेथे चाके बांधता बांधता आणि मालकाबरोबर टेकड्यांतून फेरफटका मारता मारता, हा मुलगा चढावर कोणालाही ऐकत नाही हे सर्वांच्या ध्यानी आले.

१९३५ मध्ये ते व्यावसायिक सायकलपटू झाले. १९३६ च्या जून महिन्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी इटलीची सर्वांत मोठी शर्यत, जिरो दितालिया, जिंकली. गावात आनंदाला सीमा राहिली नाही. तो आनंद जेमतेम आठवडाभर टिकला.

धाकट्या भावाचा मृत्यू

जिनो यांच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ ज्यूलिओ हाही सायकलपटू होता. त्याच जून महिन्यात तो फ्लॉरेन्सच्या परिसरातील हौशी स्वारांच्या एका शर्यतीत उतरला. पावसाने रस्ता ओला झाला होता. स्वार उतारावरून वेगाने खाली येत असताना, शर्यतीसाठी बंद असावयास हवा होता त्या रस्त्यावर एक मोटार समोरून आली. ज्यूलिओ तिच्यावर आदळला. गंभीर दुखापतीने रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

या घटनेतील एक गोष्ट नीट पाहावयास हवी. ज्यूलिओ उतारावर वेगाने जात होता, हा त्याचा दोष नव्हता. शर्यत म्हटली की वेग आलाच. वळणापलीकडचा रस्ता मोकळा आहे असे त्याने गृहीत धरले होते आणि तसे गृहीत धरण्याचा त्याला अधिकार होता. तो रस्ता मोकळा ठेवण्याचे काम इतरांचे होते. उतारावरचा स्वार वळणापलीकडचे पाहू शकत नाही. तो अनोळखी माणसांच्या दक्षतेवर आपला जीव सोपवून वळण घेतो.

जिनो यांचे मन पार खचले. सायकल कायमची सोडून द्यावी असे त्यांना वाटू लागले. दुःखाच्या त्या काळात ते प्रार्थनेकडे अधिक ओढले गेले. कार्मेल तृतीय संघाचे व्रत त्यांनी घेतले आणि बाळयेशूच्या संत तेरेजावरील त्यांची भक्ती आयुष्यभर टिकली. शर्यतीच्या दिवसांतही ते मिस्सा चुकवीत नसत. वृत्तपत्रे त्यांना भाविक जिनो या नावाने ओळखू लागली. काही जण कौतुकाने तसे म्हणत, काही थट्टेने. अखेर ते पुन्हा सायकलवर बसले आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी लोम्बार्डी प्रांताची सुप्रसिद्ध शर्यत जिंकली.

पुलावरून प्रवाहात

१९३७ साली ते प्रथमच टूर द फ्रान्स या जगातील सर्वांत खडतर शर्यतीत उतरले. त्या वर्षीच्या वसंतात त्यांना न्यूमोनिया झाला होता. त्यातून उठून त्यांनी दुसऱ्यांदा जिरो जिंकली होती आणि शरीराला विश्रांती हवी होती. परंतु मुसोलिनीच्या राजवटीला परदेशात इटलीचा विजय हवा होता. स्वाराच्या प्रकृतीपेक्षा राष्ट्राची प्रतिष्ठा मोठी ठरली.

या शर्यतीला आधीच एक काळी छाया चिकटली होती. दोनच वर्षांपूर्वी, १९३५ साली, स्पेनचा फ्रान्सिस्को सेपेदा गालिबिए खिंडीच्या उतारावर कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. शर्यतीच्या धावेत अपघाताने मृत्यू पावलेला टूरचा तो पहिला स्वार.

बार्ताली यांनी आल्प्सच्या पहिल्या मोठ्या टप्प्यात, हीच गालिबिए खिंड ओलांडून, ग्रनोब्ल येथे विजय मिळविला आणि आघाडीच्या स्वाराची पिवळी जर्सी अंगावर चढविली. दुसऱ्या दिवशी ग्रनोब्लहून ब्रियाँसाँकडे जाताना रस्ता पावसाने निसरडा झाला होता. एका पुलावर त्यांच्यापुढे असलेला सहकारी रोस्सी घसरला. बार्ताली यांना बाजूला होण्यास जागा नव्हती. ते कठड्यावर आदळले आणि खाली बर्फाळ पाण्याच्या प्रवाहात जाऊन पडले. सहकारी फ्रान्चेस्को कामुस्सो याने त्यांना पाण्याबाहेर काढले. रक्ताळलेल्या, चिखलाने माखलेल्या आणि थंडीने कुडकुडणाऱ्या अवस्थेत त्यांनी तो टप्पा पुरा केला.

काही दिवसांनी, प्रकृती सावरत असताना आणि पुढे जाण्याची इच्छा असताना, इटालियन अधिकाऱ्यांच्या आदेशावरून त्यांना शर्यत सोडावी लागली. आजारी असताना पाठविले गेले, सावरत असताना परत बोलाविले गेले. स्वाराच्या शरीराचा निर्णय स्वाराखेरीज सर्वांनी घेतला. पुढल्या वर्षी, १९३८ मध्ये, त्यांनी परत येऊन टूर द फ्रान्स जिंकली. विजयानंतर सत्ताधीशांचे गुणगान करण्याचे त्यांनी टाळले. ही गोष्ट राजवटीला रुचली नाही.

रस्त्यावर आलेला कुत्रा

१९४० च्या जिरो शर्यतीत बार्ताली हे लेन्यानो संघाचे प्रमुख होते. त्यांच्या मदतीसाठी संघात वीस वर्षांचा एक सडपातळ तरुण घेण्यात आला होता. त्याचे नाव फाउस्तो कोप्पी. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी, जेनोआकडे जाताना, स्कोफ्फेरा खिंडीच्या उतारावर एक कुत्रा आडवा आला. बार्ताली त्याच्यावर आदळून पडले आणि त्यांच्या पायाला जबर मार बसला. विजयाची आशा तेथेच संपली.

आपल्याकडे महामार्गावर दुचाकीसमोर कुत्रे किंवा वासरू आडवे येऊन घडलेले अपघात प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. फरक इतकाच की बार्ताली यांच्यासारखा कसलेला स्वारही अशा वेळी काही करू शकला नाही. कौशल्याची मर्यादा येथे स्पष्ट होते. वेग एका हद्दीपलीकडे गेला, की रस्त्यावर काय आहे हेच सर्व काही ठरविते.

शर्यत सोडून घरी जाणे सोपे होते. बार्ताली दुखऱ्या पायाने शर्यतीत राहिले आणि डोंगराळ टप्प्यांत त्यांनी तरुण कोप्पीला साथ दिली. कोप्पीने ती जिरो जिंकली. पुढे हेच दोघे एकमेकांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी झाले आणि साऱ्या इटलीचे दोन तट पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बार्ताली यांचा आद्रियाना बानी यांच्याशी विवाह झाला. फ्लॉरेन्सचे महागुरुस्वामी कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी विवाहविधी केला.

सायकलच्या नळीतील कागद

युद्धाने शर्यती थांबल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा मोठा भाग व्यापला आणि यहुदी कुटुंबांची धरपकड सुरू झाली. कार्डिनल दाल्ला कोस्ता यांनी त्यांना लपविण्यासाठी आणि वाचविण्यासाठी मठ, कॉन्व्हेंट आणि विश्वासू माणसे यांचे जाळे उभे केले. या कार्यात बार्ताली यांनी भाग घेतला. सरावाच्या निमित्ताने ते दूरवर सायकल चालवीत आणि सायकलच्या पोकळ नळीत बनावट ओळखपत्रांचे कागद व छायाचित्रे दडवून नेत. गोल्डनबर्ग नावाच्या एका यहुदी कुटुंबाला त्यांनी फ्लॉरेन्समध्ये आसरा दिला. पकडले गेले असते तर मृत्यू अटळ होता. एकदा त्यांना चौकशीसाठी नेण्यातही आले.

युद्धानंतर त्यांनी याविषयी मौन पाळले. आपल्या मुलाला त्यांनी थोडेफार सांगितले, तेही इतरांना न सांगण्याच्या अटीवर. जेरुसलेममधील याद वाशेम या संस्थेने २०१३ मध्ये त्यांना राष्ट्रांमधील नीतिमान हा सन्मान मरणोत्तर दिला. दुसऱ्यांचा जीव आपल्या हाती आहे हे ओळखून वागणे म्हणजे काय, हे या मौनी कार्यातून दिसते. उतारावरच्या स्वाराचा जीवही असाच अनेकांच्या हाती असतो. फक्त त्या अनेकांना ते पुष्कळदा उमगलेले नसते.

१९४८ : तीन खिंडी, तीन उतार

युद्धाने त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे गिळली होती. १९४८ च्या जुलैत ते पुन्हा टूर द फ्रान्समध्ये उतरले तेव्हा ते चौतिशीला पोहोचत होते. मध्यावर ते फ्रान्सच्या लुईसाँ बोबे याच्या एकवीस मिनिटांहून अधिक मागे होते. १४ जुलै रोजी इटलीत कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि देश यादवीच्या उंबरठ्यावर आला. त्या रात्री पंतप्रधान दे गास्पेरी यांनी बार्ताली यांना दूरध्वनी केला, असे पुढे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी कान ते ब्रियाँसाँ या टप्प्यात बार्ताली यांनी सर्वांना मागे टाकले. त्यापुढच्या दिवशीही तेच घडले आणि पिवळी जर्सी त्यांच्याकडे आली. पॅरिसला ते विजयी म्हणून पोहोचले. पहिल्या आणि दुसऱ्या टूर विजयात दहा वर्षांचे अंतर असलेला दुसरा स्वार आजवर झालेला नाही. इटली शांत होण्यास इतरही कारणे होती, परंतु त्या दिवसांत लोकांना एकत्र आनंद देणारी ही घटना होती यात शंका नाही.

हा विजय चढावरचा म्हणून सांगितला जातो. परंतु अलोस, वार आणि २,३६० मीटर उंचीची इझोआर या तीन खिंडी चढल्यावर त्या प्रत्येकीवरून खालीही यावे लागले होते. रस्ते बरेचसे कच्चे होते. थंड पावसाने चिखल झाला होता. हाताची बोटे गारठली की ब्रेकची दांडी ओढणेही कठीण जाते. ब्रेकचे रबर ओल्या रिमवर घसरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर रिम तापते आणि टायर रिमला धरून ठेवणारा गोंद मऊ पडतो. बार्ताली यांच्या सायकलीवर गिअर बदलण्यासाठी मागच्या चाकाजवळ दोन दांड्या होत्या. गिअर बदलावयाचा तर हँडलवरचा एक हात सोडून सीटच्या मागे न्यावा लागे, चाक सैल करावे लागे आणि पायडल उलटे फिरवावे लागे. डोक्यावर हेल्मेट नसे. अशा सायकलीवर आल्प्सचे उतार उतरणाऱ्या माणसाला केवळ चढाचा राजा म्हणणे अपुरे आहे.

गिझाल्लोची देवमाता

त्याच काळात उत्तर इटलीतील एका धर्मगुरूंनी या धोक्याकडे पाळकाच्या नजरेने पाहिले. कोमो सरोवराजवळ माग्रेल्यो गावापाशी, ७५४ मीटर उंचीच्या माथ्यावर, गिझाल्लोच्या देवमातेचे छोटे चॅपेल आहे. दरोडेखोरांच्या हातून सुटण्यासाठी एका सरदाराने तेथील मरियेच्या प्रतिमेकडे धाव घेतली आणि तो वाचला, अशी तेथील जुनी आख्यायिका. त्यामुळे वाटसरूंची रक्षणकर्ती म्हणून तिची ख्याती होती. लोम्बार्डीची शर्यत याच माथ्यावरून जाई. स्वार येथे धापा टाकीत पोहोचतात आणि येथूनच उतार सुरू होतो, हे फादर एर्मेलिंदो विगानो यांनी पाहिले होते. या देवमातेला सायकलपटूंची पालक घोषित करावे अशी विनंती त्यांनी केली.

१९४८ मध्ये पोप बारावे पायस यांनी एक ज्योत प्रज्वलित केली. रोमहून सायकलपटूंनी ती हातोहाती गिझाल्लोपर्यंत नेली. ती नेणाऱ्यांत बार्ताली आणि कोप्पी हे दोघेही प्रतिस्पर्धी होते. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप महाशयांनी गिझाल्लोच्या देवमातेला सायकलपटूंची पालक घोषित केले. आज त्या चॅपेलच्या भिंतींवर थोर स्वारांच्या सायकली आणि जर्सी टांगलेल्या दिसतात आणि मृत सायकलपटूंच्या स्मरणार्थ ज्योत तेवत असते.

भावाच्या मृत्यूचे दुःख पुढे कोप्पी यांच्याही वाट्याला आले. १९५१ च्या जूनमध्ये त्यांचा भाऊ सेर्से तुरीन शहरात शर्यतीच्या अखेरीस ट्रामच्या रुळात चाक अडकून पडला आणि त्याच दिवशी मरण पावला. साऱ्या देशाने एकमेकांविरुद्ध उभे केलेल्या या दोन माणसांना एकाच जातीच्या दुःखाने बांधले होते.

रस्त्यावरची गर्दी

१९५० च्या टूरमध्ये पिरेनीज पर्वतातील आस्पँ खिंडीवर प्रेक्षकांची गर्दी रस्त्यातच घुसली. बार्ताली आणि फ्रान्सचा रोबिक पडले. चिडलेल्या जमावाने बार्ताली यांना धक्काबुक्की केली. ते उठले, पुढे गेले आणि तो टप्पाही त्यांनी जिंकला. पण त्या रात्री त्यांनी शर्यत सोडण्याचा निर्णय घेतला आणि इटलीच्या दोन्ही संघांनी माघार घेतली. सहकारी फियोरेंझो मान्यी याच्या अंगावर तेव्हा पिवळी जर्सी होती, तरीही. काहींना हा हट्ट वाटला. चौदा वर्षांपूर्वी मोकळा नसलेल्या रस्त्यावर ज्याने भाऊ गमावला होता, त्याचा हा निर्णय हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. रस्ता सुरक्षित नसेल तर पुढे न जाणे यातही शौर्य आहे.

वयाच्या चाळिशीत, एका रस्ता अपघातातील दुखापतीनंतर, बार्ताली यांनी स्पर्धात्मक सायकलिंग थांबविले. तीन जिरो, दोन टूर द फ्रान्स, चार मिलान–सान रेमो आणि तीन लोम्बार्डी असे विजय त्यांच्या नावे होते. ५ मे २००० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले आणि पोंते आ एमा या जन्मगावी त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या हयातीत आणि नंतर

१८ जुलै १९९५ हा बार्ताली यांचा एक्क्याऐंशीवा वाढदिवस. नेमक्या त्याच दिवशी टूर द फ्रान्समध्ये, पोर्ते दास्पे खिंडीच्या उतारावर, बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता फाबिओ कासार्तेल्ली पडला आणि डोक्याला झालेल्या जखमेने मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो कोमो परिसरातील. त्याची मोडलेली सायकल आज गिझाल्लोच्या चॅपेलमध्ये आहे.

हेल्मेट सक्तीचे करण्याचा प्रयत्न १९९१ मध्ये झाला होता, पण स्वारांनीच विरोध केल्याने तो फसला. २००३ मध्ये आंद्रेई किविलेव याच्या मृत्यूनंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सक्ती केली. ब्रेकही बदलले. डिस्क ब्रेकला २०१८ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. उतारावर सीट सोडून सायकलच्या आडव्या नळीवर बसण्याची धोकादायक पद्धत २०२१ मध्ये बंद करण्यात आली.

तरीही उतार बळी घेतच राहिला. २०११ मध्ये बेल्जियमचा वाउटर वेलांट जिरोमध्ये बोक्को खिंडीच्या उतारावर गेला. २०२० मध्ये बेल्जियमचाच रेम्को एवेनेपूल हा लोम्बार्डीच्या शर्यतीत पुलाच्या कठड्यावर आदळून दरीत पडला. बार्ताली १९३७ मध्ये जसे पडले होते, तसाच. तो वाचला. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडचा सव्वीस वर्षांचा जिनो मेडर आल्बुला खिंडीच्या उतारावर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिच येथील जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांची म्युरिएल फुरर पावसात पडली आणि बराच वेळ ती कोणाच्या दृष्टीसच पडली नाही. तीही दुसऱ्या दिवशी दगावली.

२०१७ मध्ये जिरोच्या संयोजकांनी सर्वांत वेगाने उतरणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. स्वारांनी आणि इतरांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर त्यांना ती कल्पना सोडावी लागली. आपल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीतही बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यास घाटाचा राजा हा किताब देण्याची परंपरा आहे. चढणाऱ्याला मुकुट द्यावा, हे योग्यच. तेथे माणूस स्वतःच्या बळावर जिंकतो. उतारावरच्या वेगाला मुकुट देणे म्हणजे नशिबाला मुकुट देणे होय. उतरणाऱ्याला बक्षीस नको, मोकळा रस्ता हवा.

आपल्यासाठी बोध

बार्ताली यांच्या वाटेवर आलेल्या संकटांची यादी पुन्हा पाहू. उतारावर आलेली मोटार, ओल्या पुलावर घसरलेला सोबती, आडवा आलेला कुत्रा, रस्त्यात घुसलेली गर्दी. यांतील एकही गोष्ट अल्पाईन पर्वताची नाही. चिखलदऱ्याच्या घाटात आणि तिवसा येथील महामार्गावर या चारही गोष्टी रोज भेटतात.

आपल्याकडील वाहतुकीचा नियम सांगतो की अरुंद घाटात उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. जो उतरतो त्याच्या हाती वेग आहे, म्हणून जबाबदारीही त्याचीच. सायकलवरच्या मुलाच्या शेजारून मोटारीने जाणाऱ्याला हाच न्याय लागू होतो. ज्याच्या हाती अधिक बळ, त्याने अधिक जपावे. वळणावर ओव्हरटेक न करणे, रस्त्यावर धान्य वा कडबा न पसरणे, आपली गुरे मोकळी न सोडणे, सांडलेली खडी उचलणे, मुलांच्या सायकलीचे ब्रेक दर महिन्याला तपासणे, डोक्यावर हेल्मेट घालणे आणि घालावयास लावणे, ही कामे लहान वाटतात. ज्यूलिओ बार्तालीचा जीव अशाच एका लहान कामात कोणी चुकल्याने गेला.

देवमातेचे रक्षण मागणे हा आपला विश्वास आहे. परंतु गिझाल्लोच्या चॅपेलमध्ये तेवणारी ज्योत रस्ता झाडून ठेवीत नाही. ते काम तिने आपल्या हातांवर सोपविले आहे. युद्धकाळात अनोळखी माणसांचे प्राण सायकलच्या नळीत जपून नेणाऱ्या जिनो बार्ताली यांनी प्रार्थना आणि कृती यांत कधी अंतर पडू दिले नाही. आपणही ते पडू देऊ नये, आणि आपल्या वाटेवरून जाणारा प्रत्येक जण, चढणारा असो वा उतरणारा, संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचावा, यासाठी प्रार्थनेबरोबर आपला वाटाही उचलावा.